एक किलोवॉटच्या चार्जरमधील ट्रान्सफॉर्मर पीसीबीतच घ्यावा का? एकात्मिक उत्पादनाविषयी मार्गदर्शन हवे आहे

रबाळे_चार्जर

नमस्कार. रबाळे एमआयडीसीत आमचा लहान कारखाना आहे आणि तेथील उत्पादन विभाग मी पाहते. सध्या आमचे मुख्य उत्पादन म्हणजे विद्युत तीनचाकीसाठीचा एक किलोवॉटचा चार्जर. रचना नेहमीचीच आहे: सुरुवातीला पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारा टप्पा), त्यापुढे ४०० व्होल्टच्या डीसी बसवर हाफ ब्रिज एलएलसी (दोन स्विचचा, रेझोनन्सवर चालणारा कन्व्हर्टर), आणि आउटपुटला ५८ व्होल्ट, जास्तीत जास्त १७ अँपिअर. स्विचिंग साधारण १२० किलोहर्ट्झला होते आणि स्विच साधे सिलिकॉन मॉसफेट आहेत.

अडचण ट्रान्सफॉर्मरपासून सुरू होते. दोन कप्प्यांच्या बॉबिनवर प्रायमरी व सेकंडरी वेगवेगळ्या गुंडाळून मिळणारे लीकेज इंडक्टन्स (दोन्हींतील अपुऱ्या चुंबकीय जोडणीमुळे उरणारे) हेच आम्ही रेझोनन्ट इंडक्टर म्हणून वापरतो, त्यामुळे वेगळा इंडक्टर लागत नाही. आमच्याकडे वाइंडिंग करणाऱ्या पाच जणी अतिशय कसबी आहेत आणि एकीच्या हातचे नग एकमेकांशी उत्तम जुळतात. परंतु एकीचे नग दुसरीच्या नगांशी जुळत नाहीत, आणि लिट्झ वायरचा (अनेक बारीक इन्सुलेटेड तारांच्या पिळाचा) लॉट बदलला की पुन्हा फरक पडतो. शेवटी प्रत्येक नगाचे लीकेज मोजून त्याला जुळणारा रेझोनन्ट कपॅसिटर निवडावा लागतो. महिन्याला चारशे नग होते तोपर्यंत हे निभावले. आता ग्राहकाला बाराशे हवे आहेत आणि चार्जरची उंचीही कमी हवी आहे.

दुसरा भाग जोडणीचा. मॉसफेट आणि डायोड हीटसिंकवर स्क्रूने बसतात, खाली इन्सुलेटिंग पॅड येते, पाय वाकवून ते पीसीबीत (छापील सर्किटच्या पाटीत) घातले जातात आणि मग हाताने सोल्डर होतात. यात माणसाचा हात जेवढ्या वेळा लागतो तेवढ्या वेळा चुकीला वाव राहतो, हे आमच्या तपासणीच्या नोंदींतून स्पष्ट दिसते.

एका सल्लागाराने सर्व काही एकदम बदलण्याचा प्रस्ताव दिला आहे: ट्रान्सफॉर्मरचे वेढे मुख्य पीसीबीच्या थरांतच घ्यायचे, स्विचची उघडी डाय (पॅकेज नसलेली चिप) पीसीबीच्या आत पुरायची आणि संपूर्ण कन्व्हर्टर एकाच पॅनेलवर तयार करायचा. कागदावर हे फार आकर्षक दिसते. आमच्याकडे एक पिक अँड प्लेस (भाग पाटीवर ठेवणारे) यंत्र आणि आठ झोनचा रीफ्लो (सोल्डर वितळवणारा) ओव्हन आहे, पीसीबी मात्र बाहेरून बनवून येतात. यातले आधी काय करावे, नंतर काय करावे आणि आमच्यासारख्यांनी कशाला मुळीच हात लावू नये, हे अनुभवी मंडळींनी सांगावे अशी विनंती आहे.

कोअर_आणि_कॉपर (ठाणे)

ताई, तुमचा प्रश्न नेमका आहे, म्हणून आकडे मांडूनच उत्तर देतो. माझे आयुष्य चुंबकीय घटकांच्या डिझाइनमध्ये गेले आहे, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरपुरतेच बोलेन.

प्लेनर ट्रान्सफॉर्मरचा, म्हणजे वेढे पीसीबीच्या सपाट थरांत असलेल्या ट्रान्सफॉर्मरचा, खरा लाभ उंची कमी होणे हा नाही. वेढ्यांची जागा पीसीबीच्या छपाईच्या फिल्मवर ठरते, हा खरा लाभ आहे. पहिला नग आणि दहा हजारावा नग यांच्या वेढ्यांत एचिंगच्या अचूकतेएवढाच फरक राहतो. तुमचा आजार फरकाचा आहे, म्हणून औषध योग्य आहे. पण त्याची किंमतही पाहा.

ई ४३ हा प्लेनर फेराइट कोअर धरा. दोन ई जोडल्यावर त्याचे प्रभावी क्षेत्रफळ २२९ चौरस मिलिमीटर होते. प्रायमरीला १४ आणि सेकंडरीला ४ वेढे घेतले तर हाफ ब्रिजच्या २०० व्होल्टला व १२० किलोहर्ट्झला फ्लक्स घनतेचे शिखर सुमारे ०.१३ टेस्ला येते, जे पॉवर फेराइटला झेपते. आता तांबे पाहू. कोअरची खिडकी एका बाजूला साधारण १३ मिलिमीटर रुंद आहे. कडेचे अंतर सोडून एका थरावर दोन वेढे घेतले तर प्रत्येक पट्टी सुमारे ५ मिलिमीटरची होते, आणि एका वेढ्याची सरासरी लांबी ११५ मिलिमीटरच्या आसपास जाते. ७० मायक्रॉन तांब्याचा रोध एका चौरसाला पाव मिलिओहम असतो आणि अशा पट्टीत २३ चौरस बसतात. चार वेढ्यांचा रोध साडेबावीस मिलिओहम झाला, आणि वेढे १०० अंशांवर तापल्यावर तो २९ झाला. १७ अँपिअर आउटपुटसाठी सेकंडरीतून सुमारे १९ अँपिअर आरएमएस वाहतात. म्हणजे एकट्या सेकंडरीत १० वॅट गेले, तुमच्या कार्यक्षमतेतला एक टक्का! तेच वेढे आणखी दोन थरांवर समांतर घेतले तर ५ वॅट, आणि शिवाय तांबे १०५ मायक्रॉनचे केले तर साडेतीन वॅट. १२० किलोहर्ट्झला तांब्याची स्किन डेप्थ (करंट पृष्ठभागापासून जेवढ्या खोलीपर्यंत वाहतो ती) सुमारे ०.१९ मिलिमीटर आहे, त्यामुळे १०५ मायक्रॉनचा थर अजूनही जाड ठरत नाही.

यावरून लक्षात येईल की तुम्हाला किमान आठ थरांची, जाड तांब्याची पीसीबी लागणार आहे. सल्लागारांनी हे वेढे मुख्य पीसीबीत घ्यायला सांगितले आहे, तेथे माझा स्पष्ट विरोध आहे. मुख्य पीसीबीचा बहुतांश भाग कंट्रोल, फिल्टर आणि कनेक्टरसाठी असतो आणि त्याला दोन थर पुरतात. एका तळहाताएवढ्या ट्रान्सफॉर्मरसाठी संपूर्ण पाटी आठ थरांची करणे म्हणजे देवघरासाठी सगळ्या घराला संगमरवर लावण्यासारखे आहे. वेढ्यांची लहान, वेगळी पीसीबी करा, तिला पिनांनी किंवा कडेच्या पॅडने मुख्य पीसीबीवर सोल्डर करा आणि कोअर वरून बसवा.

आता लीकेजविषयी. प्लेनरमध्ये प्रायमरी आणि सेकंडरीचे थर एकमेकांत मिसळून ठेवले तर तांब्यातील नुकसान घटते, पण लीकेज इतके कमी होते की तुमचा रेझोनन्ट इंडक्टरच नाहीसा होतो. दोन्ही वेगळ्या ठेवून मध्ये अंतर दिले तर लीकेज मिळते, परंतु प्रॉक्सिमिटीचे (शेजारच्या वेढ्यांच्या चुंबकीय क्षेत्रामुळे होणारे) नुकसान वाढते. शिवाय ते अंतर पीसीबीच्या जाडीवर अवलंबून राहते, आणि पीसीबीच्या जाडीत दहा टक्के इकडेतिकडे होणे हे नेहमीचे आहे. म्हणजे हाताचा फरक काढून तुम्ही प्रेसचा फरक घरात आणाल. तुमच्या जागी मी असतो तर ट्रान्सफॉर्मरचे थर मिसळून ठेवले असते आणि रेझोनन्ट इंडक्टर स्वतंत्र, गॅप घासलेल्या छोट्या प्लेनर कोअरवर केला असता. गॅप नसलेल्या कोअरच्या इंडक्टन्समध्ये पंचवीस टक्क्यांपर्यंत फरक असू शकतो, पण गॅप दिला की तो साधारणतः तीन ते पाच टक्क्यांवर येतो. इंडक्टन्समध्ये पाच टक्के फरक पडला तर रेझोनन्ट वारंवारता अडीच टक्क्यांनीच सरकते, आणि तेवढे तुमचे कंट्रोल सहज सांभाळेल. एक घटक वाढेल हे खरे, पण कपॅसिटर निवडत बसण्याचे काम कायमचे संपेल.

एक सूचना आताच देऊन ठेवतो. गॅपजवळ फ्लक्स बाहेर फुगतो आणि जवळच्या तांब्यात शिरून ते तापवतो. गॅपच्या लांबीच्या किमान तिप्पट अंतरापर्यंत तांबे येऊ देऊ नका.

रबाळे_चार्जर

सर, मनापासून आभार. वेगळ्या लहान पीसीबीचा विचार आमच्यापैकी कोणी केलाच नव्हता. दोन गोष्टी विचारते. प्रायमरी आणि सेकंडरीमधले इन्सुलेशन पीसीबीच्या आत कसे पाळायचे? आणि आमचा चार्जर सध्याच ईएमआयच्या (विद्युतचुंबकीय व्यत्ययाच्या) चाचणीत काठावर उत्तीर्ण होतो, तर थर इतके जवळ आल्यावर काय होईल?

कोअर_आणि_कॉपर (ठाणे)

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. पहिल्याचे उत्तर असे की रीइन्फोर्स्ड (दुहेरीच्या तोडीच्या) इन्सुलेशनसाठी प्रायमरी आणि सेकंडरी थरांमध्ये ०.४ मिलिमीटर घन इन्सुलेशन ठेवण्याची पद्धत सुरक्षा मानकांना धरून आहे, आणि पट्ट्यांच्या कडेपासून कोअरपर्यंतचे क्रीपेज (पृष्ठभागावरून मोजलेले अंतर) वेगळे मोजावे लागते. फेराइट कोअर वाहक समजूनच अंतरे ठरवा. त्यामुळे खिडकीतली बरीच जागा तांब्याऐवजी इन्सुलेशन खाते, म्हणूनच प्लेनरमध्ये खिडकीचा भराव तारेच्या वाइंडिंगपेक्षा कमी राहतो.

आता ईएमआय. एका प्रायमरी-सेकंडरी जोडीचे समोरासमोरचे क्षेत्रफळ १२ ते १३ चौरस सेंटिमीटर आहे. मध्ये ०.४ मिलिमीटर एफआर-४ (पीसीबीचे नेहमीचे काचतंतू-इपॉक्सी द्रव्य) असेल तर जवळपास १२० पिकोफॅरड कपॅसिटन्स तयार होतो. थर मिसळताना अशा चार सीमा झाल्या तर तो ५०० च्या जवळ जातो. तुमच्या दोन कप्प्यांच्या बॉबिनवर तो याच्या एका लहान अंशाएवढाच असेल. स्विच नोडचा व्होल्टेज ४०० व्होल्ट १०० नॅनोसेकंदांत बदलला, तर ५०० पिकोफॅरडमधून दोन अँपिअरचा कॉमन मोड (दोन्ही तारांतून एकाच दिशेने जाणारा) झटका जाऊ शकतो. वेढ्यांवर व्होल्टेज क्रमाने वाटला जात असल्यामुळे प्रत्यक्षात तो कमी भरतो, तरीही दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

म्हणून पूर्ण मिसळू नका, दोनच सीमा ठेवा. प्रायमरीचे जे टोक शांत आहे, म्हणजे रेझोनन्ट कपॅसिटरमार्गे बसशी जोडलेले आहे, त्याचे थर सेकंडरीच्या शेजारी आणा आणि स्विच नोडकडचे थर दूर ठेवा. त्यातच निम्मे काम होते. शिल्ड थर घालता येतो, पण त्यात स्वतःचे नुकसान होते, म्हणून तो शेवटचा उपाय समजा. अंधेरीला ईआरटीएलमध्ये (सरकारी चाचणी प्रयोगशाळेत) नेण्याआधी स्वतःच्या बाकावर लिझनने (पुरवठ्याच्या तारांतला व्यत्यय मोजण्याच्या उपकरणाने) मोजून घ्या, म्हणजे प्रयोगशाळेतला महागडा वेळ शोधाशोधीत जाणार नाही.

पाटी_आणि_थर (महापे)

मी पीसीबी निर्मितीत आहे, म्हणून ज्या बाजूला हे सगळे प्रत्यक्षात घडते तिथून लिहितो.

जाड तांब्याची पीसीबी मागवताना लोक फक्त तांब्याची जाडी लिहितात आणि उरलेले निर्मात्यावर सोडतात. १०५ मायक्रॉन तांबे एच करताना द्रावण खाली जाते तसे कडेलाही खाते, त्यामुळे दोन पट्ट्यांमध्ये अर्धा मिलिमीटर तरी ठेवलात तर उत्पादन निर्धास्त होते. त्याहून कमी जमते, पण नाकारलेले नग वाढतात. दुसरे असे की इतक्या जाड पट्ट्यांमधल्या खाचा भरायला प्रीप्रेगमध्ये (थर चिकटवणाऱ्या रेझिनयुक्त काचकापडात) भरपूर रेझिन लागते. रेझिन कमी पडले तर आत पोकळी राहते आणि ती डोळ्यांना दिसत नाही, थेट हायपॉटला (उच्च व्होल्टेजच्या इन्सुलेशन चाचणीला) किंवा त्याहून वाईट म्हणजे ग्राहकाकडे दिसते. त्यामुळे थरांची मांडणी आमच्यासारख्यांशी बोलूनच पक्की करा आणि पहिल्या लॉटमधील दोन नग कापून त्यांचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. हा खर्च वाचवू नका.

आता उष्णतेकडे वळतो, कारण स्क्रू आणि पॅड काढायचे असतील तर मॉसफेट सरफेस माउंट हवेत आणि मग उष्णता पीसीबीतूनच बाहेर न्यावी लागते. एफआर-४ हा उष्णतेच्या बाबतीत जवळजवळ ब्लँकेटच आहे. एक चौरस सेंटिमीटर क्षेत्राखालची १.६ मिलिमीटरची पाटी घेतली तर तिचा उष्णतारोध वॅटमागे पन्नास अंशांहून अधिक निघतो. ०.३ मिलिमीटरचे, २५ मायक्रॉन प्लेटिंगचे एक थर्मल व्हाया (उष्णता पलीकडे नेणारे, तांबे चढवलेले छिद्र) वॅटमागे सुमारे १९० अंश देते. पंचवीस व्हाया घातले तर साडेसात अंशांच्या आसपास आपण येतो. अॅल्युमिनियमच्या पायावर १०० मायक्रॉन इन्सुलेशन असलेल्या, म्हणजे आयएमएस पाटीवर तेवढ्याच क्षेत्राला अर्धा अंश पुरतो. एका मॉसफेटमध्ये आठ वॅट जात असतील तर व्हायांवर साठ अंशांची चढण होते आणि आयएमएसवर चार अंशांची.

म्हणून माझा सल्ला असा, की सर्व स्विच आणि रेक्टिफायर एका लहान आयएमएस पाटीवर घ्या. ती तुमच्या आताच्या पिक अँड प्लेस आणि ओव्हनमधूनच निघेल, खालचे अॅल्युमिनियम थेट चार्जरच्या कवचाला लावा आणि वरचे कंट्रोल नेहमीच्या दोन थरांच्या पाटीवर राहू द्या. मात्र आयएमएसवर सहसा एकच थर असतो, त्यामुळे रूटिंगला कस लागतो. शिवाय त्या १०० मायक्रॉन इन्सुलेशनमुळे स्विच नोडच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला कवचाशी चाळीसएक पिकोफॅरड तयार होतात. वरती सरांनी ट्रान्सफॉर्मरविषयी जो इशारा दिला तोच येथे लागू आहे: स्विच नोडचे तांबे गरजेपुरतेच ठेवा. उष्णतेसाठी ते पसरावेसे वाटते आणि ईएमआयसाठी आखडावेसे वाटते. त्यातला तोल प्रत्यक्ष मोजूनच ठरवावा लागतो.

आणखी एक. आयएमएस पाटी ओव्हनमध्ये हळू तापते, कारण अॅल्युमिनियम उष्णता शोषून घेते. तुमचे जुने प्रोफाइल चालणार नाही. लेड-फ्री सोल्डर २१७ अंशांच्या पुढेच वितळते, म्हणून थर्मोकपल थेट मॉसफेटच्या पॅडजवळ लावून प्रोफाइल नव्याने बसवा. सोल्डरखालच्या पोकळ्या पाहण्यासाठी पहिले काही नग एक्स-रेखाली घालून घ्या. यंत्र विकत घ्यावे लागत नाही, ही तपासणी जॉबवर्कवर करून मिळते.

परत_आलेले_नग (ऐरोली)

मी सेवा विभागात पंधरा वर्षे काढली आहेत, म्हणजे बिघडून परत आलेले चार्जर उघडणे हेच माझे काम. वरची दोन्ही उत्तरे मला पटली, पण त्यांत दोन गोष्टी राहिल्या.

पहिली पॉटिंगची, म्हणजे आतली मोकळी जागा रसायनाने भरण्याची. पूर्वी एका ठिकाणी आम्ही प्लेनर ट्रान्सफॉर्मर असलेला कन्व्हर्टर कडक इपॉक्सीने भरला होता. चाचण्यांत तो उत्तम ठरला. पहिल्याच वर्षी नग परत येऊ लागले. मॉसफेट जळालेले असत आणि आम्ही महिनाभर गेट ड्राइव्हला दोष देत राहिलो. शेवटी पॉटिंग कोरून काढले तेव्हा कोअरला केसासारखी चीर दिसली. फेराइट हा काचेसारखा ठिसूळ असतो, आणि इपॉक्सी तापली की फुगते, थंड झाली की आवळते. चीर म्हणजे अनपेक्षित एअर गॅप. त्यामुळे मॅग्नेटायझिंग इंडक्टन्स घटतो, प्रायमरीतला करंट वाढतो आणि बिचारा मॉसफेट भरडला जातो. तेव्हापासून मी मऊ सिलिकोनशिवाय दुसरे काही कोअरजवळ येऊ देत नाही. कोअर क्लिपने धरतानाही दाब सर्वत्र सारखा पडेल असे पाहावे, एकाच बिंदूवर नको.

दुसरी गोष्ट आपल्या हवेची. खाडीकाठची दमट हवा, चार महिन्यांचा पावसाळा आणि शेजारी रासायनिक कारखाने, या पट्ट्यात पीसीबीच्या आतले उच्च व्होल्टेजचे वेढे हा गंभीर विषय आहे. पाटी ओलावा शोषते. मग काचेच्या तंतूंच्या कडेने, व्होल्टेजच्या ओढीने, तांब्याचे क्षार एका व्हायापासून दुसऱ्याकडे हळूहळू सरकतात आणि एके दिवशी आतल्या आत शॉर्ट होतो. तारेच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये हा आजार नाही. प्रायमरी आणि सेकंडरीचे व्हाया शेजारी आणू नका, एकमेकांच्या समोर तंतूंच्या सरळ दिशेत तर मुळीच नको. आलेल्या पाट्या सीलबंद ठेवा, पाकीट फुटून पडलेल्या पाट्या रीफ्लोच्या आधी शंभराहून थोड्या अधिक तापमानाला काही तास भाजून घ्या, नाहीतर आतल्या वाफेने थर सुटतात. ऑगस्टमध्ये आमच्याकडे हा नियम मोडला गेला की सप्टेंबरात त्याची फळे दिसत.

दुरुस्तीचाही विचार आधी करा. आज तुमचा मॉसफेट गेला तर स्क्रू काढून दुसरा बसतो. उद्या आयएमएस पाटीवरचा एक मॉसफेट बदलायचा म्हटले तर संपूर्ण पाटी तापवावी लागेल, आणि ते तीनचाकी दुरुस्त करणाऱ्या गल्लीतल्या मेकॅनिकला जमणार नाही. म्हणून ती पाटीच बदलता येईल अशी करा. जोडणी स्क्रू टर्मिनलची ठेवा, सोल्डरची नको.

डाय_ते_मॉड्यूल (खारघर)

मी विद्यार्थ्यांना पॉवर इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, म्हणून उघडी डाय पीसीबीत पुरण्याच्या प्रस्तावाविषयी लिहितो.

ही कल्पना वावगी नाही. १९९८ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया टेक येथे, फ्रेड ली यांच्या नेतृत्वाखाली, पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झाले, तेव्हा त्याचा गाभाच हा होता की प्रत्येक कन्व्हर्टर सुटे भाग जोडून नव्याने घडवण्याऐवजी तो प्रमाणित, एकात्मिक मॉड्यूलमधून उभा राहावा. त्याची कारणे आजही तीच आहेत. नेहमीच्या मॉड्यूलमध्ये डायला अॅल्युमिनियमच्या तारा बॉंड केलेल्या असतात. सिलिकॉन दर अंशाला २.६ पीपीएम (दशलक्षांश) प्रसरण पावते आणि अॅल्युमिनियम २३, त्यामुळे भार चढता-उतरता तारेचा पाय सुटत जातो. तारांऐवजी तांब्याने भरलेल्या व्हायांनी डाय जोडली तर हा बिघाड टळतो आणि लूपचे इंडक्टन्सही काही नॅनोहेन्रींवर येते.

पण तुम्हाला त्यातून काय मिळेल? लूपमध्ये २० नॅनोहेन्री असतील आणि करंट नॅनोसेकंदाला दोन अँपिअरने बदलत असेल तर ४० व्होल्टची उसळी येते. गॅलियम नायट्राइड किंवा सिलिकॉन कार्बाइडचे स्विच हार्ड स्विचिंगमध्ये वापरणाऱ्यांना ही उसळी जगू देत नाही. तुमच्या एलएलसीमध्ये स्विच शून्य व्होल्टेजला चालू होतात आणि सिलिकॉनची गतीही मध्यम आहे. तुमच्यापुढे हा प्रश्न उभाच नाही.

उलट बाजूला नुकसान मोठे आहे. पॅकेज केलेला मॉसफेट पूर्ण तपासून तुमच्या हाती येतो. उघडी डाय तेवढी तपासता येत नाही. तांब्याच्या प्लेटिंगसाठी डायच्या पॅडवरही तांबे लागते, आणि बाजारातल्या बहुतेक डायचे पॅड अॅल्युमिनियमचे असतात. आणि एकदा पुरलेली डाय बिघडली की तिच्यासोबत सगळी पाटी जाते. बारा प्रक्रिया एकामागून एक असतील आणि प्रत्येकीत नव्याण्णव टक्के नग चांगले निघत असतील, तरी शेवटी शंभरातले एकोणनव्वदच्या आतच उरतात. सुट्या भागांत खराब भाग फेकला जातो. एकात्मिक रचनेत शेवटच्या टप्प्यावरची चूक आधीच्या सर्व टप्प्यांची मेहनत घेऊन जाते. ज्यांच्याकडे प्रत्येक टप्प्यावर मोजमापाची सोय आहे त्यांना हे परवडते. चांदीचे सिंटरिंग (चांदीच्या भुकटीने डाय चिकटवणे), सिरॅमिकवर १०६५ अंशांच्या आसपास तांबे चिकटवणे या प्रक्रियाही त्याच वर्गातल्या आहेत. त्यांचा लाभ हवा असेल तेव्हा तयार मॉड्यूल विकत घ्यावे. ते स्वतः बनवण्याचा अट्टहास आज तरी करू नये.

रबाळे_चार्जर

सर्वांचे आभार कसे मानावेत कळत नाही. काल आम्ही हे सर्व कागद समोर ठेवून बसलो आणि असे ठरले: वेढ्यांची वेगळी आठ थरांची पीसीबी, दोनच सीमांची मांडणी, स्वतंत्र रेझोनन्ट इंडक्टर, स्विचसाठी स्क्रूने जोडता येणारी आयएमएस पाटी, आणि उघडी डाय नको. सल्लागारांना तसे कळवले आहे. वाइंडिंग विभागातील पाचही जणींना कोअर जुळवणे, क्लिप लावणे आणि मोजणी यांवर घ्यायचे ठरवले आहे, कारण फरक कशाने पडतो हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. पीएफसीचा चोक मात्र सध्या तारेचाच ठेवत आहोत.

एकच शंका उरते. वेढ्यांची पीसीबी मुख्य पाटीवर सोल्डर करण्याआधी तिची कोणती तपासणी करावी, म्हणजे दोष पुढे सरकणार नाही?

पाटी_आणि_थर (महापे)

तीन तपासण्या पुरेत, आणि क्रम हाच ठेवा. कोअर बसवण्याआधी प्रत्येक नगाचा प्रायमरी-सेकंडरी हायपॉट घ्या, कारण कोअर चढल्यावर खराब पाटी टाकून देणे जिवावर येते. मग चार तारांच्या पद्धतीने प्रत्येक वाइंडिंगचा डीसी रोध मोजा. समांतर थरांतला एखादा व्हाया अपुरा प्लेट झाला असेल तर तो येथे काही टक्क्यांच्या वाढीने पकडला जातो, कंटिन्यूइटीला तो कधीच सापडत नाही. शेवटी कोअर व क्लिप बसवून, सेकंडरी शॉर्ट करून १२० किलोहर्ट्झला लीकेज आणि उघडी ठेवून मॅग्नेटायझिंग इंडक्टन्स मोजा. कोअरच्या घासलेल्या पृष्ठभागावर बोटाचा तेलकट ठसा किंवा फेराइटचा कण राहिला तरी हा शेवटचा आकडा घसरतो, म्हणून त्या बाकावर हातमोजे आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल पहिल्या दिवसापासून ठेवा. पहिल्या शंभर नगांचे आकडे येथे टाकलेत तर मर्यादा कुठे आखाव्यात ते मिळून पाहू.